मडक्याला घाम का येतो?

महाडचं चवदार तळं म्हटलं की 20 मार्च 1927 आठवतो, हो ना? त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथलं पाणी ओंजळीनं प्यायले आणि मागोमाग कितीतरी माणसं प्यायली. मग काही मंडळींनी काय करावं? तळं 'बाटलं' म्हणत 108 घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि परत तळ्यात ओतलं. म्हणे, शुद्ध झालं! असो. त्या घागरी होत्या मातीच्या. आज गप्पा त्या मातीच्या.

कुंभाराच्या आव्यात मडकं साधारण 800 ते 900 अंशांपर्यंत तापतं. त्यातले बहुतेक कण वितळत नाहीत, जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिकटतात. फ्रीजरमधले बर्फाचे खडे न वितळताच जोडले जातात ना, तसेच. मधे बारीक फटी उरतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार!

पण दातावरची पांढरी टोपी अशी झिरपली तर कसं चालेल? ती बऱ्याचदा असते झिर्कोनियाची. त्याची पूड घट्ट दाबून, हवा तो आकार देऊन, 1,400 अंशांच्या वर भाजतात. तरी ती वितळत नाही, त्याला सुमारे 2,700 अंश लागतात! फटी मात्र बुजतात.

गंमत पुढेच आहे. फार वेळ भाजलं की कणही फुगतात. साबणाचा फेस नीट बघा: चिमुकले बुडबुडे नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात. इथेही तेच, आणि कण मोठे झाले की वस्तू लवकर तडकते.

दूध वर आलं की आजी गॅस बारीक करते की नाही? 2000 साली चेन आणि वांग या संशोधकांनी जवळपास तेच केलं. आधी आच चढवली, मग झटकन थोडी उतरवून तिथेच तासन्‌तास ठेवली. फटी बुजत राहिल्या, कण मात्र फुगेनात! 2010 मध्ये तर दुसऱ्या संशोधकांनी तापलेल्या झिर्कोनियातून वीज सोडली. 850 अंशांना, पाच सेकंदांच्या आत काम फत्ते.

आता तुमचं काम. कोरी, कोरडी पणती वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा. रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पुसून पुन्हा तोला. मग चिनीमातीचा कप तसाच तोला. दोन्हींचे आकडे आम्हाला कळवा.