सुट्टीसाठी आडवाटेचे गाव: तिगाव, पांढुर्णा आणि सौंसरच्या निमित्ताने

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पचमढीला जायचे, महाबळेश्वरला की गोव्याला? मग हॉटेलांचे दर कळतात, गाडीचे आरक्षण मिळत नाही, आणि आजी-आजोबा "तुम्हीच जाऊन या, आम्ही घरी बरे" म्हणून मागे राहतात. बँकेच्या नोकरीत बदल्यांमुळे मला बरीच लहान गावे पाहायला मिळाली, आणि निवृत्तीनंतर मी मुद्दाम अशाच गावांना जातो. त्या सवयीतून सुचलेले काही विचार सभासदांसमोर ठेवतो. उदाहरण म्हणून आपल्याच प्रदेशातला एक भाग घेतला आहे: पांढुर्णा-सौंसर आणि त्यातले तिगाव.

हा भाग कुठे आहे?

भोपाळहून नागपूरला रेल्वेने जाताना इटारसी, बैतूल, आमला, मुलताई अशी स्टेशने लागतात. मुलताईनंतर गाडी सातपुड्याचा घाट उतरू लागते. चिचोंडा ते तिगाव हा या घाटाचा टप्पा. उलट दिशेने, म्हणजे नागपूरकडून येणाऱ्या जड मालगाड्यांना हा चढ चढताना मागून जादा इंजिन लावावे लागते. घाट उतरल्यावर तिगाव आणि पुढे थोड्याच अंतरावर पांढुर्णा. तिथून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. आपल्यापैकी शेकडो जण या मार्गाने वर्षानुवर्षे ये-जा करतात, पण खिडकीतून पाहण्यापलीकडे कुणी तिथे उतरत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली वेगळ्या काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधीचा इतिहास आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे मध्य प्रांतात आला, ज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात आणि पांढुर्णा-सौंसर दुसऱ्या राज्यात गेले. माणसे, नाती, बाजार आणि बोली मात्र होती तिथेच राहिली. आजही इथल्या बाजारात मराठी ऐकू येते आणि कचेरीतले कागद हिंदीत असतात.

पाहण्यासारखे काय?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, आणि आडवाटेच्या गावांच्या बाबतीत तो थोडा वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. इथे एका दिवसात दहा ठिकाणे उरकायची यादी नसते. एक-दोन गोष्टी नीट समजून घेतल्या तर तीन दिवस कमी पडतात.

पहिली गोष्ट संत्र्याची. आपण ज्याला नागपुरी संत्रा म्हणतो त्यातला बराच माल काटोल, नरखेड, वरुड या महाराष्ट्रातल्या तालुक्यांबरोबरच पांढुर्णा-सौंसरच्या बागांतूनही येतो. संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीला येते. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते. झाडाला फुलोरा यावा म्हणून शेतकरी काही आठवडे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल झाली की खत आणि पाणी देतात, आणि मग झाड फुलते. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच जाते.

संत्र्याची कलमे जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात, आणि लावल्यापासून चांगले फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे, हा बागायतदाराचा खरा प्रश्न. म्हणून सुरुवातीची वर्षे झाडांच्या मधल्या जागेत दुसरी पिके घेतात. पुष्कळदा फळ झाडावर असतानाच व्यापारी संपूर्ण बागेचा सौदा करतो. त्यानंतर गारपीट झाली तर नुकसान कुणाचे, हे सौद्याच्या अटींवर ठरते. शहरात वाढलेल्या नातवंडांना हे सगळे बागेत उभे राहून ऐकायला मिळाले, तर बाजारातल्या संत्र्याच्या भावाकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुलताई हे तापीचे उगमस्थान. आषाढ शुद्ध सप्तमीला तिथे तापीचा जन्मोत्सव असतो. तापी तिथून पश्चिमेला निघते आणि सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. घाटाखाली पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी मात्र पूर्वेकडे जाते. तिचे पाणी कन्हान, वैनगंगा आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचते. मुलताई ते पांढुर्णा हे अंतर रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर, पण एवढ्यात पाण्याचा समुद्रच बदलतो. भूगोलाच्या पुस्तकातला 'जलविभाजक' हा शब्द मुलांना इथे डोळ्यांनी दाखवता येतो.

तिसरी गोष्ट देवस्थानांची. सौंसरजवळ जामसावळीला जाम आणि सर्पा नद्यांच्या परिसरात हनुमानाचे प्रसिद्ध मंदिर आहे. इथली मूर्ती उभी नसून आडवी, निद्रिस्त आहे. मंगळवारी आणि शनिवारी मोठी गर्दी असते. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर इतर वार निवडावा. सौंसर तहसिलीतच मोहगावला अर्धनारीश्वराचे जुने मंदिर आहे.

एक दिवस जास्त असेल तर छिंदवाड्याकडचा देवगडचा किल्ला पाहता येतो. गोंड राजांची ही राजधानी. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने नागपूर शहर वसवले. आपण नागपूरला मोठे आणि देवगडला आडवळणी समजतो, पण कधी काळी नेमके उलटे होते.

गोटमारीविषयी

पांढुर्ण्याचे नाव देशभर पोहोचते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठाला पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठाला सावरगावचे लोक उभे राहून एकमेकांवर दगड मारतात. पळून निघालेल्या एका प्रेमी जोडप्याची दंतकथा यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आणि आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले, पण ते टिकले नाही.

माझे मत स्पष्ट आहे: सुट्टीची तारीख या दिवसाभोवती ठरवू नये. ज्या घरांतला मुलगा त्या पात्रात गेला, त्यांच्यासाठी तो दिवस जत्रेचा नाही. आपण तमाशा पाहायला गर्दी वाढवली, मोबाईलवर चित्रफिती काढल्या, तर दगड उचलणाऱ्याला आणखी एक प्रेक्षक मिळतो. परंपरा समजून घ्यायची तर एरवी जावे, नदीकाठचे चंडीमातेचे मंदिर पाहावे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ते अभिमानही सांगतात आणि दुःखही.

खर्चाचा हिशेब

बँकेतल्या माणसाने हिशेब न सांगता लेख संपवू नये. समजा, चार जणांच्या कुटुंबाने तीन दिवसांत बारा हजार रुपये खर्च केले. गर्दीच्या पर्यटनस्थळी यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात आणि आरक्षण करणाऱ्या कंपन्यांच्या कमिशनमध्ये जातो. लहान गावात तोच पैसा लॉजवाल्याला, खानावळीला, ऑटोवाल्याला, बागवानाला आणि हारफुले विकणाऱ्या बाईला मिळतो. तो पुन्हा त्याच बाजारात खर्च होतो, कारण त्यांची किराणा दुकाने, शिंपी, शाळेची फी सगळे तिथेच आहे. एका कुटुंबाच्या सहलीने गाव श्रीमंत होत नाही, हे खरे. पण वर्षभर थोडी थोडी माणसे येत राहिली तर एखाद्या तरुणाला नागपूरला हमालीसाठी जाण्याऐवजी गावात चार खोल्या बांधाव्याशा वाटतील. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सावरवानीसारख्या गावांत घरगुती निवास सुरू झाले आहेत. तेच या बाजूला होऊ शकते.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे असे

- सगळ्या जलद गाड्या पांढुर्ण्याला थांबत नाहीत, आणि तिगावला तर थोड्याच थांबतात. परतीची गाडी आधी ठरवावी. सौंसरला जाण्यासाठी नागपूर-सावनेर-छिंदवाडा हा रस्ता सोयीचा. या मार्गावरची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद होऊन आता ब्रॉडगेज झाली आहे.
- मुक्काम पांढुर्णा किंवा सौंसरला करावा आणि तिगावसारखी गावे दिवसा पाहावीत. लॉजची खोली फोनवर ठरवली तरी स्वच्छतागृह जमिनीवरचे की खुर्चीचे, लिफ्ट आहे की नाही, हे ज्येष्ठांसाठी आवर्जून विचारावे.
- नेहमीची औषधे पूर्ण दिवसांची बरोबर न्यावीत. मोठे रुग्णालय लागले तर नागपूर किंवा छिंदवाडा गाठावे लागते.
- यूपीआय बहुतेक ठिकाणी चालते, पण नेटवर्क गेले की अडचण होते. शंभर-पन्नासच्या थोड्या नोटा जवळ असाव्यात.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात ऊन असह्य असते.
- बागेत विचारल्याशिवाय शिरू नये, फळ तोडू नये. बागवान स्वतःहून फळ देतो. पैसे नको म्हणाला तर जाताना चार-पाच किलो विकत घ्यावेत.
- जेवणात झुणका-भाकर, पाटवडीचा रस्सा, वांग्याचे भरीत, रोडगे-वरण मागावे. तिखट बेताचे करायला आधीच सांगावे. भाजीवालीने "सांबार देऊ का" विचारले तर गोंधळू नये, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

शेवटी एक गोष्ट

आपली मुले-नातवंडे हिंदी वातावरणात वाढली. घरात आपण मराठी बोलतो, मंडळात गणपती बसवतो, तरी त्यांच्या मनात एक समजूत घट्ट झालेली असते: मराठी म्हणजे पुणे-मुंबई, आणि मध्य प्रदेशात ती फक्त आजी-आजोबांची भाषा. पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांच्याच वयाचा मुलगा "तुमी कोठून येऊन राहिले?" असे विचारतो तेव्हा ही समजूत गळून पडते. ही मराठी पुस्तकातली नाही, तिच्यात हिंदीही मिसळलेली आहे, पण ती दुकानात, शेतात, रेल्वेच्या फलाटावर रोज वापरली जाते. अशी भाषा कुणी ऐकायला गेलेच नाही, तर बोलणाऱ्यांनाही हळूहळू तिचा संकोच वाटू लागतो आणि पाहुण्यांसमोर ते हिंदीत बोलतात. आपण मराठीत विचारले तर तेही मराठीत उत्तर देतात.

आपल्या मंडळात काही कुटुंबांचे मूळ गाव याच बाजूचे आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांना बाग कुणाची, विहीर कुठली, कोणत्या वाड्यात कोण राहायचे हे अजून आठवते. त्यांना बरोबर घेऊन जाता येईल अशी सहल हिवाळ्यात काढावी, असे मला वाटते. तेव्हा दाखवणारी माणसे सोबत असतील. आणखी दहा वर्षांनी गावे असतील, रस्तेही चांगले होतील, पण कोणते घर कुणाचे हे सांगणारे फार थोडे उरतील. ज्यांना यायचे आहे किंवा ज्यांच्याकडे या भागाची अधिक माहिती आहे, त्यांनी मंडळाच्या पुढच्या मासिक बैठकीत जरूर भेटावे.