काट्याची साक्ष

वाढोणा या जुन्या नावाच्या आणि निजामी अमलात हिमायतनगर झालेल्या आमच्या गावी मोटारसायकल जेव्हा रुळू लागली, तेव्हा टाकीतील इंधनाचा हिशेब सांगणारा काटा बहुतेक गाड्यांना नव्हताच. राजदूत वा येझदी चालविणारा गृहस्थ टाकीचे झाकण उघडून आत डोकावे किंवा गाडी हलवून आवाज ऐके. त्याचा खरा भरवसा मात्र टाकीखालच्या कॉकवर असे. कारण कॉकाची एक नळी टाकीत उंच उभी व दुसरी बुडाशी असल्याने, उंच नळीस पेट्रोल मिळेनासे झाले की गाडी आचके देई आणि कॉक फिरविताच उरलेला साठा खुला होई. भोकरच्या वाटेवर ‘रिझर्व्ह लागली’ म्हटले की पुढचा पेट्रोलपंप आठवावा, एवढाच त्याचा अर्थ. ही पद्धत ओबडधोबड खरी, परंतु तीत लबाडीस जागा नव्हती.

१९८५ नंतर शंभर सीसीच्या चारटप्पी गाड्यांचा प्रसार झाला आणि पुढे काटाही सर्वत्र दिसू लागला. त्याची यंत्रणा साधी: टाकीत तरंगणारा फ्लोट, त्यास जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाशी रोधतारेवर सरकणारी पट्टी, आणि तिच्यातून मीटरकडे जाणारी वायर. गाडी जुनी झाली म्हणजे हाच काटा भरल्या टाकीतही रिकामेपणाची कैफियत मांडी, किंवा खड्ड्यागणिक वरखाली नाचे. आणि मालक, खातरजमा न करता, सरळ नवे मीटर बसवून मोकळा होई. ही उधळपट्टी मला नेहमीच अनाठायी वाटली.

जाणता मिस्तरी प्रथम टाकीखालचा कनेक्टर काढी व चावी लावून मीटरकडील दोन टोके क्षणभर जोडी. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकास गेला, तर मीटर निर्दोष आणि गुन्हेगार टाकीत. न हलला, तर विद्युतपुरवठा, अर्थिंग किंवा मीटर यांचीच झडती. दोष टाकीतला ठरला, तर तो टाकी रिकामी करून फ्लोटचे युनिट बाहेर काढी. फ्लोट कानाशी धरून हलविताच आत पेट्रोल खळखळले, तर तो छिद्र पडून बुडाला, हे निश्चित. तो सुका निघाला, तर मल्टीमीटर लावून दांडी हळूहळू उचलावयाची. आकडा सलग न बदलता मधेच तुटला, की तेथे तारेवर गंज वा झीज आहे, हे उघड. गंज असल्यास अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावे; तार तुटली असल्यास नवे युनिट घ्यावे. जुनी रबरी वॉशर पुन्हा बसविण्याची काटकसर मात्र करू नये, कारण ती झिरपली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली आणि कार्बोरेटरसमवेत बहुतेक नव्या गाड्यांतून तो कॉकही गेला. त्यांच्या टाकीतील विजेचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि टाकी वारंवार कोरडी पडली तर तोच निकामी होतो. म्हणून आता काटा बिघडला की त्याची दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलण्याची मुभा उरलेली नाही. पंपाची किंमत विचारून पाहा, म्हणजे फ्लोटची किंमत नगण्य वाटेल.