अडकलेला सांधा कोणी धरून ठेवला आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भोसरीतल्या एका छोट्या गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक मुलगा बेंच-व्हाइसमध्ये घट्ट आवळलेल्या पोलादी दांड्यावरून एक सांधा काढण्याच्या खटपटीत होता. गाडी चाकणच्या कारखान्यात पाळीचे कामगार नेणाऱ्या एका चालकाची होती. सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले होते. बूट बदलायचा तर सांधा दांड्यावरून उतरवावा लागतो. मुलगा तासभर हातोडा मारत होता आणि सांधा तसूभरही हलत नव्हता. शेवटी मिस्त्री आले, त्यांनी हातोडा काढून घेतला आणि म्हणाले, "आधी धरलंय कुणी ते बघ, मग मार."

त्या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा एक चांगला धडा आहे. तो समजून घेण्याआधी हा सांधा गाडीत काय काम करतो ते पाहू.

सांधा कशासाठी?

अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्ये ती पुढच्या चाकांना दिलेली होती. पिंपरीच्या कारखान्यात तयार होणारी टाटा इंडिका 1998 मध्ये आली, तीही याच जातीची. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तिथे तयार झालेली पोलोही तशीच.

पुढच्या चाकांना दोन कामे एकदम करावी लागतात. गाडी ओढायची आणि वळायचेही. म्हणजे फिरता दांडा मध्येच वाकला पाहिजे. दोन दांडे कोनात जोडणारा हूकचा सांधा सतराव्या शतकापासून माहीत आहे. पण त्यात एक दोष आहे. एक दांडा एकसारख्या वेगाने फिरवला, तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी आणि दोनदा जास्त होतो. कोन 30 अंशांचा असेल, तर हा वेग मूळ वेगाच्या 0.87 पट ते 1.15 पट असा बदलत राहतो. अशा सांध्याने वळणावर चाक धक्के खाईल.

यावर अल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने 1920च्या दशकात उपाय काढला. त्याच्या सांध्यात बाहेरची वाटी आणि आतली कडी यांच्यामध्ये सहा पोलादी गोळ्या असतात. सांधा कितीही वाकला, तरी गोळ्या दोन्ही दांड्यांमधील कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. त्यामुळे दोन्हीकडचा वेग सतत सारखा राहतो. गॅरेजात याला सीव्ही जॉइंट म्हणतात. 1959च्या ब्रिटिश मिनी गाडीनंतर तो घरोघरच्या गाड्यांत पोचला.

आतल्या कडीला आतून उभे दाते असतात आणि दांड्याच्या टोकाला त्यांत बसणाऱ्या खाचा. कडी निसटू नये म्हणून खाचांवर एक सर्क्लिप, म्हणजे तोंड उघडे असलेली स्प्रिंगसारखी पोलादी रिंग बसवलेली असते.

तीन पकडी

सांधा निघत नाही तेव्हा त्याला तीनपैकी कोणीतरी धरलेले असते. तिघांवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली पकड सर्क्लिपची. काही बनावटींत ही रिंग पक्कडीने उघडावीच लागते. ती न उघडता कितीही मारले तरी उपयोग नाही. इतर बनावटींत कडीच्या आतली काठ उतरती असते. जोराचा झटका बसला की ही काठ रिंगला दाबून खाचेत बसवते आणि कडी निसटते. इथे झटकाच हवा, नुसती ओढ पुरत नाही. का, ते हिशेबाने पाहू. 1 किलोग्रॅमचा हातोडा सेकंदाला 4 मीटर वेगाने आला, तर त्याचा संवेग 4 किग्रॅ-मीटर प्रति सेकंद. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी बल 4000 न्यूटन भरते. हाताने एवढे बल लावणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हातोडा रबरी असेल तर थांबायला जास्त वेळ लागतो आणि तेवढे बल कमी होते.

दुसरी पकड गंजाची. बूट फाटला की रस्त्यावरचे पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघते आणि दात्यांना गंज चढतो. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक असते. सज्जाच्या स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीटचे पोपडे पडतात ते याचमुळे. दात्यांमधल्या बारीक फटीत फुगायला जागा नसते, म्हणून गंज दोन्ही बाजूंना पाचरीसारखा दाबत बसतो.

यावर पातळ तेल सोडतात. केशाकर्षणाने ते फटीत शिरते. पण त्याची चाल मंद होत जाते. आत गेलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिला मिलिमीटर जायला एक तास लागला, तर चार मिलिमीटरला सोळा तास. रात्रभर ठेवा, असे मिस्त्री सांगतात ते उगाच नव्हे.

मग तापवले तर? पोलादाचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे 0.000012 आहे. 25 मिलिमीटर व्यासाची कडी 100 अंशांनी तापवली, तर व्यास फक्त 0.03 मिलिमीटर वाढतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्माही नाही. तोही फायदा कडी गरम आणि दांडा थंड असेपर्यंतच. शिवाय फार तापवल्याने कडीचे पाणी दिलेले पोलाद मऊ पडते आणि ग्रीस जळते. पुन्हा वापरायच्या सांध्यावर ज्योत लावू नये.

तिसरी पकड सर्वांत फसवी. ती आपणच निर्माण करतो. जुन्या टेबलाचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, तसेच इथे होते. समजा, दात्यांची लांबी ल आहे आणि हातोडा अक्षापासून अ अंतरावर बसतो. बलाच्या परिबलामुळे कडी तिरकी होऊन दोन्ही टोकांना दांड्यावर दाबते. प्रत्येक टोकाचा दाब म्हणजे बल गुणिले अ भागिले ल. या दोन दाबांमुळे होणारे घर्षण लावलेल्या बलाएवढे झाले की कडी हलत नाही. घर्षण गुणांक घ धरला, तर ढोबळ हिशेबाने ही अट अशी येते: 2 × घ × अ हे ल इतके किंवा त्याहून जास्त.

या अटीत बल कुठेच नाही! जोर दुप्पट केला तर घर्षणही दुप्पट होते. ल 25 मिलिमीटर आणि घ 0.5 धरा, तर अक्षापासून 25 मिलिमीटरवर मारलेला घाव सांध्याला नुसता आवळतो. मुलगा वाटीच्या बाहेरच्या काठावर मारत होता, म्हणजे त्याहूनही दूर.

म्हणून घाव आतल्या कडीवर, अक्षाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ आणि समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून द्यायचा. मध्ये पितळेची कांब धरायची. पोलादावर थेट पोलाद मारले तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते, चष्मा हवाच. काही सांध्यांना बाहेरच्या टोकाकडून आटे असतात. त्यांत बोल्ट आवळत नेला की तो दांड्याला बरोबर अक्षावरून ढकलतो. तिथे अ शून्य होतो.

वर्गात करून पाहा

टिपकागदाची लांब पट्टी आडवी ठेवा आणि एक टोक रंगीत पाण्यात बुडवा. पाणी 1, 2, 3 व 4 सेंटिमीटरवर पोचायला किती सेकंद लागतात ते लिहा. वेळ साधारणपणे 1, 4, 9, 16 या प्रमाणात येते का? मग टेबलाचा खण मधोमध धरून आणि कोपऱ्याला धरून ओढा. फरक मुलांना हातालाच कळेल.

भोसरीत पुढे काय झाले? मिस्त्रींनी फडक्याने ग्रीस पुसले, विजेरी धरली. दात्यांच्या तोंडाशी तांबडी भुकटी दिसली. तेल सोडून सांधा रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी पितळी कांबेवर सात-आठ घाव बसताच तो निघाला. पण आदल्या दिवशी वाटीवर बसलेले घाव गोळ्यांमधूनच कडीपर्यंत गेले होते. गोळ्यांच्या खोबणींत बारीक खड्डे पडले होते. असा सांधा वळणावर कटकट वाजतो. बूट बदलायला आलेल्या चालकाला नवा सांधा घ्यावा लागला आणि पाळीच्या दोन फेऱ्या बुडाल्या.

मी त्या मुलाला विचारले, तेव्हा कळले की तो दहावी पास होता. संवेग, घर्षण, गंजणे हे सारे त्याने शाळेत पाठ केले होते, गुणही बरे पडले होते. हातोडा उचलताना मात्र त्यातले काहीच त्याला आठवले नव्हते.