मुंबईच्या चौपाट्या आणि नदीकाठचा पोहणारा

बालाघाटच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. वैनगंगा तेथे घरचीच. तिच्या डोहात पोहावयास शिकलेला मुलगा पुढे कोणत्याही पाण्याला भीत नाही. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस गेलेले कुटुंब पहिल्याच संध्याकाळी समुद्र पाहावयास निघते, आणि त्यातील हा पट्टीचा पोहणारा सर्वांच्या आधी पाण्यात शिरतो. धोका असतो तो नेमका त्यालाच.

नदी एकाच दिशेने वाहते. ती फुगते ती वर कोठेतरी पाऊस कोसळल्यावर, आणि पाण्याचा गढूळ रंग तशी सूचनाही देतो. समुद्र मात्र निरभ्र आकाशाखाली दिवसातून साधारणतः दोनदा चढतो व दोनदा उतरतो. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणूनच भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या आसपास ती परस्परांस छेद देते व भरती बेताचीच राहते. तिला भांगाची भरती म्हणतात. पावसाळ्यातील उधाणाच्या दिवशी मुंबईस भरतीची उंची ४.५ मीटरच्याही वर जाते.

वेळ काढण्याची किनाऱ्यावरील लोकांची युक्ती सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढेमागे, ही मुंबईच्या भरतीची स्थूल वेळ होय. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. भिंतीवरचे पंचांग बालाघाटासही असते. निघण्यापूर्वी ते पाहून घेण्यास काय हरकत आहे?

गिरगावची चौपाटी स्टेशनापासून जवळ. १९२० साली लोकमान्य टिळकांवर येथेच अंत्यसंस्कार झाले, व त्यांचा पुतळा आजही तेथे उभा आहे. येथील पाणी शहराच्या सांडपाण्याने बिघडलेले असल्याने वाळूत बसून भेळ खावी, हेच बरे. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी येथे अनेकांना पाकट मासे डसले. हा मासा वाळूत दडून बसतो, आणि पाय त्यावर पडला की शेपटीचा काटा मारतो. दादरच्या किनाऱ्यावर चैत्यभूमी आहे. डॉ. आंबेडकरांचे दहन १९५६ च्या डिसेंबरात तेथे झाले, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला दूरदूरच्या गावांहून लोक तेथे जातात. जुहूचा किनारा विस्तीर्ण व सौम्य उताराचा, पण गर्दीचा. वर्सोव्यास कचऱ्याचे ढीग होते. २०१५ पासून नागरिकांनी ते उपसले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तेथे कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली. पावसाळ्यात या किनाऱ्यांवर निळसर फुग्यासारखे जीव वाहून येतात. ते सुंदर दिसतात, पण मेलेलेही दंश करतात; मुलांना हात लावू देऊ नये.

मालाडपलीकडील आक्सा किनारा सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. पाण्याखालची वाळू खचते, खड्डे जागा बदलतात. काल जेथे कमरेइतके पाणी होते तेथे आज पाय टेकत नाही. आजवर अनेक तरुण येथे बुडाले आहेत. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत जोराने आत जाते. हा पट्टा वरून शांत भासतो, त्यावर लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढ लागताच तो सारे बळ एकवटून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो. प्रवाह त्याच्याहून बळकट असतो. पोहणारा थकतो आणि संपतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे, मग लाटांबरोबर परतावे. तेही न साधले तर अंग सैल सोडून तरंगत राहावे व हात वर करून मदत मागावी. जीवरक्षकांनी लाल निशाण लावले असेल तर पाण्यात उतरूच नये, मग वैनगंगेच्या पुरात पोहलेला का असेना.

निवांत जागा हवी असेल तर मार्व्याहून होडीने खाडी ओलांडून मनोरीस जावे. तेथे कोळ्यांची वस्ती आहे, माणसे थोडी आहेत. परतीची शेवटची होडी केव्हा सुटते ते मात्र जातानाच विचारून घ्यावे.