गांडुळांचे फार लाड नकोत

गांडूळखताचा डबा घरी आला की पहिली चूक कौतुकापोटी होते. गांडुळं कचरा फस्त करतात असं ऐकलेलं असतं, म्हणून दोन दिवसांची सालं-देठं एकदमच डब्यात पडतात. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "तरी मी सांगत होते!"

वास गांडुळांचा नसतोच. गांडुळाला दात नाहीत. ताजं देठ आधी जिवाणू आणि बुरशी कुजवतात, मग तो मऊ लगदा गांडूळ गिळतं आणि पोटातल्या पेषणीत दळतं. गांडुळांच्या भुकेपेक्षा जास्त माल साचला, की आतली हवा संपते आणि तो सडू लागतो. अर्धा किलो गांडुळांना सुरुवातीला रोज 100 ग्रॅम ओला कचरा पुरे, तोही बारीक चिरून. वास आलाच तर खाणं बंद करून फाडलेली वर्तमानपत्रं किंवा वाळका पाला मिसळावा.

कुंडीतली गांडुळं उचलून आणण्यातही अर्थ नाही. ती बहुधा मातीत बिळं करून राहणारी, माती खाणारी. खतासाठी कुजत्या पाल्यात वरच्यावर राहणारी जात लागते: आयसेनिया फेटिडा किंवा उबदार हवा मानवणारी युड्रिलस युजेनी. एकाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, हा शाळेतला समज तर सोडूनच द्या.

शेण हवंच असंही नाही. भिजवून पिळलेला नारळाचा काथ्या चालतो. शेण घातलंच तर दोन-तीन आठवड्यांचं मुरलेलं, कारण ताजं शेण तापतं. लिंबाची सालं, कांदा-लसूण अगदी थोडं. उरलेली आमटी आणि लोणचं मात्र नकोच. गांडूळ ओलसर कातडीतून श्वास घेतं, मीठ त्याच्या जिवावर उठतं.

डब्याखाली सतत पाणी गळतंय, म्हणजे अमृत मिळतंय असं नव्हे. आत चिखल झालाय. मूठभर दाबून एखाद-दुसरा थेंब पडावा, इतकीच ओल हवी. मे महिन्यात डबा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावा.

दोनेक महिन्यांनी खत उजेडात ढीग करून ठेवलं, की गांडुळं तळाशी उतरतात आणि वरचं खत काढता येतं. त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळट दाणे दिसले तर कुंडीत टाकू नका. ते गांडुळांच्या अंड्यांचे कोष आहेत. पुन्हा डब्यात ठेवा.