लेकवरचे समुद्री पाहुणे

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल, तेव्हा शिकागोच्या किनाऱ्यावर पहिले पाहुणे येऊन दाखल झालेले असतील. उत्तरेकडे, थेट आर्क्टिकपर्यंत, उन्हाळा काढून समुद्राकडे निघालेली ही बदकं. त्यांची बहुतेक भावंडं अटलांटिक नाहीतर पॅसिफिक गाठतात; काही मात्र आपल्या लेक मिशिगनवरच मुक्काम ठोकतात. उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात बदकं पाहिलेल्यांनाही ही मंडळी नवीनच वाटतील. मराठीत त्यांना रुळलेली नावं नाहीत, तेव्हा इथलीच वापरू या: स्कोटर, आयडर, हार्लेक्विन, लाँग-टेल्ड डक.

समुद्री बदक गोड्या पाण्यात काय करतं, असं मुलं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे: जेवतं. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा मसल हे चिमुकले शिंपले सापडले. युरोपातून आलेल्या जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर ते इथे पोचले आणि पुढे सगळ्या ग्रेट लेक्समध्ये पसरले. माणसांचे पाण्याचे पाइप त्यांनी तुंबवले, पण या बदकांना आयतं ताट वाढून मिळालं. लाँग-टेल्ड डक तर सुमारे ६० मीटरपर्यंत बुडी मारू शकतं.

शोधायला कधी जायचं? माझं मत विचाराल तर लेक अर्धवट गोठलेला असताना. पाणी सगळं मोकळं असलं की बदकं दूरवर पांगतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. बर्फ धरू लागला की त्यांना मोकळ्या पाण्यापाशी यावंच लागतं: मॉन्ट्रोजसारख्या हार्बरचं तोंड, नदीचं मुख, किंवा बोटींचे धक्के वाचवायला मरिनात हवेचे बुडबुडे सोडतात ती जागा. वारा बघून निघा. आपण लेकच्या पश्चिम काठावर राहतो, त्यामुळे पश्चिमेचा वारा बर्फ आत ढकलतो आणि किनाऱ्याजवळ पाणी उघडतो. पूर्वेचा वारा तोच बर्फ परत आणून कोंबतो. आणि पहाटे उठायची हौस इथे कामाची नाही. सकाळी सूर्य बरोबर डोळ्यांवर येतो. जेवून, दुपारी जा.

मग गोल्डनआय आणि मर्गान्झर यांचा थवा गाठायचा आणि त्यातला परका शोधायचा. एकदा नजर फिरवून भागत नाही, कारण निम्मे पाण्याखाली असतात. मिनिटभर थांबा, पुन्हा बघा, पुन्हा थांबा. इथवर येणारे किंग आयडर बहुधा मादी किंवा कोवळी पिल्लं असतात, म्हणजे तपकिरी. पुस्तकातल्या नारिंगी चोचीच्या राजाची वाट बघत बसलात तर समोरचा पक्षी निसटून जाईल. व्हाइट-विंग्ड स्कोटरचा पांढरा पट्टा पोहताना झाकलेला असू शकतो. पंख फडफडवेपर्यंत धीर धरायचा. बर्फावर मात्र पाऊल टाकू नका. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ जमिनीसारखा दिसतो, पण आतून पोकळ असतो.

आता जरा गंभीर गोष्ट. ६ मार्च २०१४ ला पाचही लेक मिळून ९२.५ टक्के पृष्ठभाग गोठला होता. जागाच उरली नाही, तेव्हा स्कोटर आणि रेड-नेक्ड ग्रीब आतल्या नद्यांवर, कधी न दिसणाऱ्या ठिकाणी उतरले. पक्षी बघणाऱ्यांची चंगळ झाली. त्याच हिवाळ्यात नायगारा नदीच्या परिसरात कितीतरी बदकं उपासमारीने मेली. आपण ज्याला भाग्याचं दर्शन म्हणतो, तो पक्षी कदाचित शेवटच्या डबक्यात उभा असतो. फोटोसाठी चार पावलं पुढे गेलात आणि तो उडाला, तर त्या उड्डाणाचा खर्च तो कुठून भरून काढणार? लाँग-टेल्ड डकचं नाव २०१२ पासून जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. तेव्हा गाडीतच बसा, काच खाली करा. गाडीला पक्षी माणसापेक्षा कमी बिचकतात, आणि थर्मासमधला चहाही जवळ राहतो.

मुलांना गोडी लावायची असेल तर नाताळातल्या पक्षीगणनेला न्या. १९०० साली २७ जणांनी ती सुरू केली. आता ती दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी चालते. नवख्यांना जाणकारांच्या गटात घेतात. वहीत आकडे टिपायचं काम मुलं आनंदाने करतात, थंडीची तक्रारही कमी होते.

आणि एखाद्या पार्किंग लॉटमध्ये पक्षी नुसताच बसलेला दिसला, तर तो आळशी नाही. ओला डांबरी रस्ता पाणी समजून ग्रीब खाली उतरतात आणि पाण्यावरून धावल्याशिवाय त्यांना पुन्हा उडता येत नाही. त्यांना हवेत फेकू नका. अंगावर टॉवेल टाका, हवा जाईल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि जवळच्या वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा. चोच टोकदार असते. उचलताना ती चेहऱ्यापासून लांब धरा.