पांढरा कोट, चढता पारा!

क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देताना मी एकदम कूल असते. पण डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला की छातीत ढोल-ताशे सुरू! ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये माझं बीपी निघालं १४८/९४. वय फक्त ३१. घरी बाबांच्या मशीनवर आठवडाभर मोजलं, तर सरासरी १२४/७८. मग खरं कोणतं?

गंमत म्हणजे, दोन्ही खरी. या प्रकाराला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. १९८३ साली इटलीतले डॉक्टर ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी पेशंटच्या धमनीत नळी ठेवून बीपीची सलग नोंद घेतली. डॉक्टर खाटेपाशी येऊन बीपी मोजू लागले की वरचा आकडा सरासरी २७ने चढायचा! मन धास्तावलं की अॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. झालं, पारा वर.

म्हणजे नुसतं टेन्शन, द्या सोडून? नाही बॉस! हृदयातून निघणारी महाधमनी रबरासारखी लवचिक असते. दिवसातून सुमारे एक लाख वेळा ती फुगते आणि पूर्ववत होते. दाब सतत जास्त राहिला तर तिच्या भिंतीतले लवचिक धागे झिजतात, ताठ तंतू वाढतात. धमनी ताठरली की वरचा आकडा आणखी चढतो. डॉक्टरांसमोरच्या दोन मिनिटांनी हे होत नाही. पण व्हाइट कोटवाल्यांपैकी अनेकांचं बीपी पुढे कायमचं वाढतं. २०१९मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचार न घेणाऱ्या या मंडळींना हृदयविकाराचा धोका नॉर्मल बीपीवाल्यांपेक्षा जास्त दिसला.

याच्या उलटही असतं बरं का! क्लिनिकमध्ये सगळं छान आणि घरी, ऑफिसात मात्र आकडा चढलेला. हे लपलेलं बीपी तर जास्त धोक्याचं, कारण कुणाला पत्ताच नसतो.

म्हणून घरी मोजा, पण नीट. मनगटाचं नको, दंडाचं मशीन घ्या. आधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट बंद. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइलही बाजूला! हात हृदयाच्या पातळीवर हवा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर गाठा. शंका उरलीच, तर २४ तास दंडावर बांधायचं मशीनही मिळतं.

सरासरी कमी आली? मस्त! तरी दर वर्षी पुन्हा मोजा, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा आणि रोज अर्धा तास झपाझप चाला. मात्र गोळी चालू असेल, तर घरचा आकडा बघून ती परस्पर बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे तुमचे, निर्णय त्यांच्याशी बोलून!